बासवर कोण आहे, तेही लिहा

प्रति,
संगीताची स्ट्रीमिंग ॲप चालवणाऱ्या आणि जुनी-नवी ध्वनिमुद्रणं बाजारात आणणाऱ्या सर्व कंपन्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी संवादिनीची साथ करते. ख्यालाला, नाट्यगीताला, भजनाला, कधी तबल्याच्या सोलोला लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून, धरायला. जॅझ मी वाजवत नाही, नुसतं ऐकते. पण ऐकत आले ते तरुणपणापासून आणि साथीदाराच्या कानांनी. त्यामुळे पुढे ट्रम्पेट कितीही तळपत असला तरी माझं लक्ष मागच्या डबल बासकडे, म्हणजे उभं राहून वाजवायच्या त्या मोठ्या, खालच्या स्वरांच्या तंतुवाद्याकडे जातं. खालून स्वर कोण देतंय, लय कोण सांभाळतंय, गाडी घसरली तर कोण सावरतंय, हे आधी कळावंसं वाटतं.

तुमच्या ॲपवर नेमकं तेच कळत नाही. गाणं सुरू होतं, चित्र दिसतं, मुख्य कलाकाराचं नाव दिसतं. बास कोणाचा, ड्रम कोणाचे, पियानोवर कोण, याचा पत्ता नाही. तुमच्यापैकी काहींनी श्रेयनामावलीचं पान ठेवलं आहे, पण ते दोन-तीन वेळा बोट लावल्याशिवाय सापडत नाही आणि सापडलं तरी त्यावर बहुतेक वेळा गायक, गीतकार आणि निर्माता एवढेच असतात. माझी मागणी अशी की प्रत्येक ध्वनिमुद्रणात कोणी काय वाजवलं हे मुख्य कलाकाराच्या नावाशेजारीच दिसावं, आणि त्या वादकाच्या नावावर बोट ठेवलं की त्याने वाजवलेलं सगळं समोर यावं.

ही मागणी का महत्त्वाची आहे, ते एका माणसाच्या कारकिर्दीवरून सांगते. त्यांचं नाव रॉन कार्टर.

गिनीज बुकात कार्टर यांची नोंद जॅझच्या इतिहासात सर्वाधिक ध्वनिमुद्रणं केलेला बासवादक अशी आहे. १५ सप्टेंबर २०१५ पर्यंत मोजलेला आकडा २,२२१. त्यांच्या स्वतःच्या नावावर निघालेले अल्बम साठ-सत्तरच्या घरात. म्हणजे दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणांवर वेष्टणाच्या पुढच्या बाजूला नाव दुसऱ्याचं आहे. तुमच्या शोधखिडकीत 'रॉन कार्टर' लिहिलं की येतात ते मुख्यतः त्या साठ-सत्तरांतले. ज्या कामामुळे हा माणूस मोठा झाला, ते सगळं इतर नावांखाली विखुरलेलं राहतं, आणि ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्यालाच ते सापडतं. नव्याने ऐकू लागलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने काय करायचं?

कार्टर यांचा जन्म ४ मे १९३७ चा, मिशिगन राज्यातल्या फर्नडेलचा. दहाव्या वर्षी त्यांनी चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य, हातात घेतला. पुढे डेट्रॉइटच्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये शिकताना त्यांच्या लक्षात आलं की बाहेर वाजवायची कामं गोऱ्या मुलांनाच मिळतात, मग चेलो कितीही चांगला वाजवा. वाद्यवृंदातला एकमेव बासवादक शाळा संपवून बाहेर पडणार होता. ती जागा रिकामी होताच कार्टर यांनी चेलो ठेवला आणि बास धरला. त्याच शाळेतून थोडं आधी पॉल चेंबर्स बाहेर पडले होते. 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ च्या अल्बमवर 'सो व्हॉट'ची धून बासवर वाजते, ते चेंबर्स. तो अल्बम ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा. त्यांच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या गटात, पुढे चेंबर्स यांच्या जागी कार्टर आले. एका सरकारी शाळेच्या संगीतवर्गातून एवढं निघालं, हे आजच्या संगीतशिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावं.

कार्टर यांना खरं तर सिम्फनीत वाजवायचं होतं. रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकमधून त्यांनी १९५९ मध्ये पदवी घेतली. तिथे पाहुणे संचालक म्हणून आलेले लिओपोल्ड स्टोकोव्स्की तेव्हा ह्यूस्टन सिम्फनीचे प्रमुख होते. वादन त्यांना आवडलं, पण ह्यूस्टनची व्यवस्थापन मंडळी काळ्या माणसाला घ्यायला तयार होणार नाहीत, हे त्यांनी कार्टर यांना तोंडावर सांगितलं. कार्टर यांनी हा प्रसंग मुलाखतींमधून पुन्हा पुन्हा सांगितला आहे आणि त्यातला सल अनेक दशकांनंतरही गेलेला नाही. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला आले, चिको हॅमिल्टन यांच्या पथकात वाजवू लागले आणि १९६१ मध्ये मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकची पदव्युत्तर पदवीही घेतली. चेलो सुटला नव्हताच. एरिक डॉल्फी यांच्या १९६० च्या 'आउट देअर' या अल्बमवर तो ऐकू येतो.

१९६३ च्या वसंतात माइल्स डेव्हिस यांनी त्यांना बोलावलं. जॅझच्या जगात त्या वेळी याहून मोठं बोलावणं नव्हतं. कार्टर तेव्हा आर्ट फार्मर यांच्याबरोबर वाजवत होते. त्यांनी सांगितलं की फार्मर यांना शब्द दिला आहे. त्यांनी मोकळं केलं तर येतो. माइल्स यांनी फार्मर यांना विचारलं, फार्मर यांनी सोडलं, मगच कार्टर गेले. आमच्या धंद्यात ज्याने एखाद्या गायकाची तारीख घेऊन ठेवली आहे आणि नंतर मोठ्या गायकाचा फोन आला आहे, त्याला या गोष्टीचं मोल समजावून सांगावं लागणार नाही.

पुढची पाच वर्षं, १९६८ पर्यंत, माइल्स यांच्या त्या पंचकात पियानोवर हर्बी हॅन्कॉक, ड्रमवर टोनी विल्यम्स आणि १९६४ पासून सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर होते. विल्यम्स आले तेव्हा सतरा वर्षांचे. असा मुलगा मागे ड्रमवर उसळतोय, शेजारी हॅन्कॉक रचनेचे स्वरसमूह ऐन वेळी बदलताहेत, अशा ठिकाणी बासवाल्याचं काम काय असतं, ते थोडं सविस्तर सांगते. कारण ज्यांची नावं तुम्ही गाळता ते नक्की काय करतात, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

पियानोवर सा-ग-प वाजतंय असं समजा. बासने खालून सा दिला, तर ऐकणाऱ्याला एक मोकळी, स्थिर भावना येते. त्याच क्षणी बासने सा सोडून मंद्र सप्तकातला ध दिला, तर पियानोवाल्याने एकही पट्टी बदललेली नसताना सगळ्या स्वरसमूहाचा रंग पालटतो, त्यात मायनरची, म्हणजे काहीशी उदास, छाया येते. वर सॅक्सोफोन जे काही वाजवत असेल त्याचा अर्थसुद्धा बदलतो. चार मात्रांना चार स्वर, असं बासवादक चालत असतो आणि प्रत्येक मात्रेला तो असा निर्णय घेत असतो. रचनेचा सांगाडा ठरलेला असतो, पण त्यातून जायची वाट त्या क्षणी निवडायची असते. कार्टर यांच्या वाटा नेहमी एक पाऊल अनपेक्षित आणि तरीही बरोबर. त्यांचा स्वर लांब टिकतो. छेडल्यावर तो विझत जाण्याऐवजी फुलतो आणि मग मींड घेऊन पुढच्यावर उतरतो. त्या मींडेवरून मी त्यांना दोन-चार स्वरांत ओळखते.

याच पंचकाने १९६७ च्या जूनमध्ये शॉर्टर यांची 'नेफर्टिटी' ही रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सोलो घेतच नाहीत. ते दोघं तीच संथ धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवतात, आणि सगळं नवं घडतं ते खाली, ड्रम-बास-पियानोत. आमच्याकडे तबल्याच्या सोलोत संवादिनीवाली लेहरा धरून बसते आणि तबलजी खेळतो, तसंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे इतकं घरचं वाटलं की मी ती रचना पुन्हा लावली, मग पुन्हा. मात्र आमच्याकडे त्या मैफलीला तबलजीचं नाव असतं. 'नेफर्टिटी' तुमच्या ॲपवर लावली की दिसतं फक्त 'माइल्स डेव्हिस'. माइल्स त्यात लेहरा धरतात! ज्यांचा तो खेळ आहे त्यांची नावं पडद्यावर नाहीत.

आता सेशनच्या कामाबद्दल. मला हा भाग सगळ्यात जास्त भावतो, आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त झाकला जातो तोही हाच.

न्यूयॉर्कमधून हडसन नदी ओलांडली की न्यू जर्सीत एंगलवुड क्लिफ्स लागतं. तिथे रूडी व्हॅन गेल्डर यांनी १९५९ मध्ये उंच लाकडी छताचा स्टुडिओ बांधला. हॅन्कॉक यांचा 'मेडन व्हॉयेज', शॉर्टर यांचा 'स्पीक नो ईव्हल', मॅकॉय टायनर यांचा 'द रिअल मॅकॉय', फ्रेडी हबर्ड यांचा 'रेड क्ले', स्टॅन्ली टरेन्टाइन यांचा 'शुगर', ब्राझीलच्या अंतोनियो कार्लोस जोबिम यांचा 'वेव्ह' हे सगळे तिथेच मुद्रित झाले. सहा अल्बम, सहा वेगळे मुख्य कलाकार, कोणाचा बाज आक्रमक, कोणाचा हळुवार. बास सगळ्यांवर एकाच माणसाचा. एखाद्याने हे सहा लागोपाठ ऐकले तर १९६० च्या दशकाचा मध्य ते १९७० हा न्यूयॉर्कच्या संगीताचा काळ बासच्या तारेवरून चालत पार केल्यासारखा होईल. पण असा क्रम लावून देण्याची सोय तुमच्याकडे नाही, कारण तुमच्या यंत्राला या सहांमधला दुवाच माहीत नाही.

सेशन म्हणजे काय, तर संघटनेच्या नियमाप्रमाणे साधारण तीन तासांचं काम. वादक येतो, समोर कधी पूर्ण लिहिलेली स्वरलिपी असते, कधी नुसती स्वरसमूहांची नावं, कधी तेही नाही, गायिका दोन ओळी गुणगुणून दाखवते. एक-दोनदा वाजवून बघायचं आणि मुद्रण. चूक झाली तर पाच-दहा माणसांचा वेळ वाया जातो. नव्या पद्धतीशी, नव्या माणसांशी त्या तीन तासांत जुळवून घ्यायचं, आणि गाणं आपलं नसूनही आपलं असल्यासारखं वाजवायचं. ही कला स्वतंत्र आहे. एखादा उत्तम सोलो वादक यात पार गडबडून जातो. मी असे पाहिले आहेत.

रॉबर्टा फ्लॅक यांचा पहिला अल्बम १९६९ चा. त्यातलं पहिलं गाणं सुरूच होतं कार्टर यांच्या बासने. १९७३ मध्ये जगभर गाजलेलं त्यांचं 'किलिंग मी सॉफ्टली' आपल्याकडेही दोन पिढ्यांनी ऐकलं आहे. त्याच्या खालीही कार्टरच आहेत. गिल स्कॉट-हेरन यांच्या १९७१ च्या 'पीसेस ऑफ अ मॅन' या अल्बमवर ज्या गाण्याने पुढच्या रॅप संगीताची वाट दाखवली, त्याचा कणाही त्यांचाच बास. ॲरेथा फ्रँकलिन यांच्या १९६९ च्या अल्बमवर ते आहेत. ही गाणी ऐकणाऱ्या लाखो लोकांनी रॉन कार्टर हे नाव कधी ऐकलेलं नसेल. पण त्यांना ते वादन तोंडपाठ आहे, गाणं गुणगुणताना मधल्या मोकळ्या जागेत ते नकळत तोच बास म्हणतात.

एका ठिकाणी मात्र कोणीही गाळू शकणार नाही असं श्रेय त्यांना मिळालं. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या न्यूयॉर्कच्या रॅप गटाने १९९१ च्या 'द लो एंड थिअरी' अल्बमसाठी त्यांना बोलावलं, जुन्या रेकॉर्डचा तुकडा न उचलता प्रत्यक्ष वाजवायला. आणि गटातल्या क्यू-टिप या रॅपरने त्यातल्या एका गाण्यातच सांगून टाकलं की बासवर रॉन कार्टर आहेत. नाव थेट आवाजात गेलं. आता तुमच्या यादीत ते असो वा नसो, गाणं वाजलं की नावही वाजतं.

असंच आपल्याकडे अँथनी गोन्साल्विस यांचं झालं. माणूस गोव्यातल्या माजोर्ड्याचा, उत्तम व्हायोलिनवादक, मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यरचना करणारा, प्यारेलाल यांचा गुरू. पडद्यावरच्या नामावलीत अशा माणसांना जागा नसे. प्यारेलाल यांनी १९७७ च्या चित्रपटातल्या गाण्यात गुरूचं नाव घातलं, आणि ते देशाच्या तोंडी बसलं. अल्डोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन सी. रामचंद्रांबरोबर उभे राहिले आणि 'अलबेला'च्या (१९५१) गाण्यांना तो झुलता स्विंगचा बाज आला. तुमच्या ॲपवर 'अलबेला' लावून बघा, चिक चॉकलेट दिसतात का? मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी दोन-तीन पिढ्या जे वाजवलं, त्यातलं बहुतेक आज निनावी आहे, आणि ती नावं सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. जॅझबद्दल लिहिताना मी मध्येच मुंबईला आले, कारण ही माणसं जॅझमधूनच तिथे आली होती. रात्री हॉटेलांत स्विंग वाजवायची आणि दिवसा स्टुडिओत चित्रपटाची गाणी.

तुम्ही म्हणाल, एवढी माहिती आणायची कुठून? मुंबईच्या बाबतीत हा प्रश्न खराच अवघड आहे. जॅझच्या बाबतीत अजिबात नाही. जॅझच्या एलपीच्या मलपृष्ठावर कोणी काय वाजवलं हे छापायची रीत पन्नाशीच्या दशकापासून पक्की आहे. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, पॅरिसच्या शार्ल दलोने यांनी जॅझच्या ध्वनिमुद्रणांची सूची पुस्तकरूपाने काढली; कोणत्या मुद्रणात कोण होतं याचा शोध घेणाऱ्यांची तेव्हापासून अख्खी परंपरा आहे, आणि आज हजारो स्वयंसेवक हेच काम विनामोबदला संगणकावर करताहेत. म्हणजे माहिती होती, छापलेली होती, लोकांच्या घरात होती. एलपीची कॅसेट झाली तेव्हा वेष्टण लहान झालं, नावं बारीक झाली. सीडीच्या पुस्तिकेत ती टिकली. गाणं तुमच्याकडे फाइल होऊन आलं तेव्हा वेष्टणाचा फक्त पुढचा भाग आला आणि मागचा फेकला गेला. ते कोणी फेकलं हे ठरवत बसायची गरज नाही. रेकॉर्ड कंपनीने पाठवलं नाही म्हणून ॲपवाला दाखवत नाही, आणि ॲपवाला दाखवत नाही म्हणून रेकॉर्ड कंपनी पाठवत नाही. म्हणून हे पत्र दोघांना मिळून लिहिलं आहे.

तांत्रिक सोयही तुमच्याकडे आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो. कंपन्यांमध्ये माहितीची देवाणघेवाण ज्या डीडीईएक्स मानकानुसार होते, त्यात वादकाचं नाव आणि वाद्य लिहायला रकाना आहे. तो बहुतेक वेळा रिकामा जातो, एवढंच.

डेट्रॉइटचंच आणखी एक उदाहरण देते. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या गाण्यांवर जेम्स जेमर्सन यांचा बास आहे. तेही मुळात जॅझ वाजवणारे. ती गाणी जगभर वाजली, त्यांच्या बासच्या ओळी ऐकून दुसऱ्या खंडातले वादक शिकले, पण वेष्टणावर त्यांचं नाव नव्हतं. ते आलं १९७१ मध्ये, मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर, आणि आलं तेही अतुलनीय या विशेषणासकट. तोवर दहा वर्षं निघून गेली होती. १९८३ मध्ये ते वारले. तुम्ही आज जेव्हा एखादं गाणं वादकांच्या नावांशिवाय चढवता, तेव्हा पुन्हा तेच करता. फरक इतकाच की तेव्हा छपाईत जागेची अडचण सांगता येत होती.

कार्टर यांच्या आधीच्या पिढीतले मिल्ट हिंटन यांनी यावर स्वतःपुरता उपाय शोधला होता. १९१० साली मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गला जन्म, १९३६ पासून पंधरा वर्षं कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदात बास, आणि मग न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत अगणित सेशन, तेही काळ्या वादकांना तिथली दारं जेमतेम उघडत होती तेव्हा. हिंटन बासबरोबर कॅमेरा बाळगत. स्टुडिओत, आगगाडीत, रंगमंचाच्या मागे त्यांनी सहकाऱ्यांचे सुमारे साठ हजार फोटो काढले. कोण होतं, कुठे होतं, कोणाशेजारी उभं होतं, याची ती नोंद आहे. एका वादकाने फावल्या वेळात जे केलं ते सगळी यंत्रणा हाताशी असलेल्या तुम्हाला जड जाऊ नये.

आता पैशांकडे येते. नाव हा मानाचा प्रश्न आहेच, पण तो पोटाचाही आहे.

अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर वादकाला त्याबद्दल काहीच मिळत नाही, अगदी मुख्य गायकालाही नाही. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणापुरता हक्क आला. इंटरनेट रेडिओसारख्या सेवांकडून जमणाऱ्या रकमेत निम्मा वाटा रेकॉर्डच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के इतरांना. त्यातले अडीच टक्के साथीच्या गायकांना, अडीच टक्के वादकांना. श्रोता स्वतः गाणं निवडून ऐकतो त्या सेवांना, म्हणजे तुमच्या मुख्य धंद्याला, ही वाटणी लागूच नाही. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेली तेव्हा वाढीव वीस वर्षांच्या काळात रेकॉर्ड कंपन्यांनी उत्पन्नाचा २० टक्के भाग सेशन वादकांसाठी बाजूला ठेवावा असं बंधन घातलं. अडीच टक्के असोत की वीस, ते पोहोचायचे तर कोणत्या मुद्रणात कोण होतं हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. नाव नसलेल्या माणसाच्या खात्यात पैसे जमा करता येत नाहीत.

आणि आपल्याकडे? २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात कलम ३८अ आणि ३८ब आले. कलाकाराला व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि ही कला माझी आहे असं ओळखलं जाण्याचा हक्कही मिळाला. पण त्याच दुरुस्तीने कलाकार कोणाला म्हणायचं त्या व्याख्येला एक पुरवणी जोडली. चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीसकट कुठेच दिलं जात नाही, त्याला कलाकार मानायचं नाही. आपल्या कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क तेवढा त्याच्याकडे राहतो. ही ओळ मी अनेकदा वाचली आहे. काम प्रासंगिक ठरवणं सोपं, आणि नाव न देण्याची रीत तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. म्हणजे ज्याचं नाव आजवर गाळलं गेलं, त्याचा हक्कही त्याच गाळण्याच्या आधारावर नाकारता येऊ शकतो. श्रेयनामावलीतली एक ओळ किती वजनाची असते, ते यावरून कळावं. म्हणून नावं लिहिणं ही तुम्ही रसिकांसाठी पुरवलेली जादा सोय आहे, असं कृपा करून समजू नका.

मी स्वतः साथ केलेली एक ध्वनिमुद्रिका तुमच्यापैकी काहींच्या ॲपवर आहे. तिच्यावर गायिकेचं नाव आहे, असायलाच हवं. तबलजीचं नाही, माझं नाही. गायिकेने स्वतः पत्र पाठवून ती नावं घालायला सांगितली होती. उत्तर आलं की त्यासाठी जागा नाही. तंबोऱ्यावर बसलेल्या विद्यार्थिनीपर्यंत सगळ्यांचा उल्लेख करायची आमच्या मैफलींची पद्धत आहे. आकाशवाणीवर निवेदक राग सांगतो, ताल सांगतो, तबल्यावर कोण, सारंगीवर किंवा संवादिनीवर कोण, ते सांगतो आणि मगच पुढे जातो. काही सेकंद लागतात. ते ऐकत मोठ्या झालेल्या लोकांच्या देशात तुम्ही धंदा करता आहात. आमचे कान त्या नावांची वाट पाहतात.

कार्टर यांना मानसन्मान कमी मिळाले असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने १९९८ मध्ये त्यांना जॅझ मास्टर म्हणून गौरवलं, तीन ग्रॅमी त्यांच्याकडे आहेत, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं, आणि पंच्याऐंशी ओलांडल्यावरही सूट-टाय घालून, ताठ उभं राहून ते बास वाजवत राहिले. म्हणूनच त्यांचं उदाहरण घेतलं. इतक्या मान्यता पावलेल्या माणसाचं नव्वद टक्क्यांहून अधिक काम जर तुमच्याकडे त्यांच्या नावाने सापडत नसेल, तर ज्यांनी आयुष्यात पंचवीस-तीसच सेशन केली आणि ज्यांच्यावर माहितीपट निघाला नाही, त्यांचं काय होत असेल?

तेव्हा पहिलं पाऊल तरी लगेच उचला. ज्या जॅझ अल्बमच्या मलपृष्ठावर वादकांची नावं छापलेली आहेत, ती येत्या वर्षभरात भरून घ्या. त्यात शोध घ्यायचा काही नाही, टंकलेखन आहे. नव्या प्रत्येक मुद्रणासाठी वादक आणि वाद्य हा रकाना रिकामा असेल तर गाणं स्वीकारूच नका. वादकाच्या नावाला स्वतःचं पान द्या, मग त्याच्या नावावर एकही अल्बम नसला तरी चालेल. चुकीची किंवा राहिलेली नावं वादकाला आणि त्याच्या वारसांना पुराव्यासह कळवता यावीत अशी जागा ठेवा, आणि त्यावर किती दिवसांत निर्णय देणार ते जाहीर करा. मुंबईच्या चित्रपटसंगीतासाठी वेगळा निधी काढा, आणि जुने वादक व त्यांची घरची माणसं आहेत तोवर त्यांच्या वह्यांमधून, मानधनाच्या पावत्यांमधून, आठवणींमधून ही नावं गोळा करायला माणसं पाठवा. हे काम मराठी, कोकणी आणि इंग्रजी तिन्ही येणाऱ्यांकडे द्या, म्हणजे गोव्यातल्या घरांमध्ये ते नीट होईल.

यातलं काय करणार, काय करणार नाही आणि का, ते कृपया जाहीरपणे कळवा. तुमच्या उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली,
संवादिनीची एक साथीदार